मांजराच्या पिल्लांचे डोळे शिवण्याच्या ह्यूबेल-वीझल या मेंदू-शास्त्रज्ञांच्या प्रयोगाचा माणसांना खरंच काही उपयोग झाला का?

झाला. माझ्या लेकीला झाला, म्हणून लिहितेय.

ती मोठ्या शिशूत असताना शाळेत डोळे तपासले. उजवा झाकला तर डाव्याने मोठी अक्षरंही लागेनात. डाव्याचा नंबर बराच जास्त होता, पण उजवा सगळं निभावून नेत होता, मग कळणार कसं? डॉक्टरांनी चष्मा दिला आणि काही महिन्यांनी उजव्या डोळ्यावर रोज थोडे तास पट्टी लावायला सांगितली. पट्टी लावली की ती रडायची, ओढून काढायची. मी समोर बसून मणी ओवून घ्यायचे, तांदूळ निवडायला द्यायचे. ठाण्याच्या तलावपाळीला नेलं की अनोळखी बायका थांबवून "काय झालं हो पोरीला?" विचारायच्या. आणि नौपाड्यातल्या आमच्या घरात थोरले दीर रोज ऐकवायचे, "चांगला डोळा झाकून वाईट कसा सुधारेल? मोठी झाली की लेझर करून टाकू."

त्यांना उत्तर 1963 सालीच मिळालंय. ह्यूबेल-वीझल यांनी पिल्लांची एक पापणी शिवली, काही महिन्यांनी उघडली. डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता दुसऱ्याच डोळ्याला दाद देत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा झाकला तर असं झालं नाही. लेकीचा डावा डोळाही असाच मेंदूत मागे पडला होता. लेझर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर चालतं, मेंदूवर नाही. प्रयोग क्रूर होता, तरी तो झाला हे बरंच झालं.

त्यांना मिळालेलं 1981 चं नोबेल मात्र फक्त यासाठी नव्हतं. त्याआधी, 1959 च्या सुमारास, मांजराच्या मेंदूतली एक पेशी काचपट्टीवरच्या ठिपक्याला दाद देईना, पण ती काच सरकवताना तिच्या कडेची सावली पडली तशी धडाधड बोलू लागली. मेंदू कडा आणि रेषा कशा ओळखतो, ते तिथून उलगडत गेलं.

डोळ्यावर पट्टी लावायची युक्तीही त्यांची नाही, ती 18व्या शतकात फ्रान्सच्या बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने सांगितली होती. घाई का करायची, ते या दोघांनी दाखवलं. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांचं ऑपरेशन लवकर करतात ते म्हणूनच. सात-आठ वर्षांनंतर काहीच होत नाही असंही नाही, फक्त अवघड होत जातं.

तेव्हा "मोठी झाली की बघू" म्हणणारा माणूस वयाने कितीही मोठा असो, ऐकू नका. लेक आता डाव्या डोळ्यानेही पुस्तक वाचते. दीर अजून म्हणतात, नुसत्या चष्म्यानेच झालं असतं. काही मुलांचं होतंही. हिचं झालं नव्हतं, म्हणून तर पट्टी लावली. डॉक्टरांचे कागद आहेत माझ्याकडे.