सिटीचा सगळ्यात टणक गडी कोण?

प्रश्न : भाऊ, आम्ही इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लबचे फॅन. क्लबचा सगळ्यात टणक प्लेअर कोण? मी जुना कॅप्टन विन्सेंट कोम्पनी म्हणतो तं पोट्टे हसतात.
– एक वाचक, कामठी

उत्तर : कोम्पनी दणकट होता, हाव, पण गोलकीपर बर्ट ट्राउटमनपुढं सगळे कच्चे राजा. 1956 ची एफए कप (इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा) फायनल, बर्मिंगहॅमविरुद्ध, सुमारे 17 मिनिटं उरली अन् हा समोरच्याच्या पायात झेपावला, त्याचा गुडघा सरळ मानेवर. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, मग काय, मान धरूनच उभा राहिला अन् आणखी गोल अडवले, सिटी 3-1 नं जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला तं मान मोडलेली! आमचा इथला बॅक (बचाव करणारा गडी) मे महिन्यात घोट्याला नुसता चेंडू लागला तरी अर्धा तास लिंबूपाणी पीत बसायचा (तो मीच म्हणा).