आधी हात मागे घे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज सकाळी पाहिला. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या, पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि लॅपटॉपची बॅटरी संपून सगळं बंद. ‘सेव्हच केलं नव्हतं’ हे तू तीनदा लिहिलंयस. कळलं. रडून झालं असेल तर पुढचं वाच. झालं नसेल तर आधी वाच, मग रड.

लॅपटॉपला सध्या हात लावू नकोस. ऑडॅसिटी या आपल्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह न केलेलं रेकॉर्डिंग हवेत नसतं. लाल बटण दाबलंस तेव्हापासून आवाज डिस्कवरच्या एका तात्पुरत्या फाइलमध्ये उतरत होता. विंडोजवर ती तुझ्या युजर फोल्डरमध्ये, ॲपडेटा, मग लोकल, मग ऑडॅसिटी, मग सेशनडेटा अशा वाटेनं सापडते. ॲपडेटा लपवलेला असतो, तो आधी दिसता करावा लागेल. नेहमीच्या सेटिंगला, म्हणजे मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि ३२ बिट, तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. तेव्हा तिथं ५०० एमबीच्या आसपासची फाइल दिसली की समज, आत्या आत आहे. शेजारी नावाच्या शेवटी ‘वॉल’ (wal) असलेली आणखी एक फाइल असू शकते. कचरा समजून ती उडवू नकोस, रेकॉर्डिंगचा काही भाग तिच्यातही अडकलेला असतो. दोन्हींची कॉपी पेनड्राइव्हवर घे आणि मगच ऑडॅसिटी उघड.

उघडल्यावर एक चौकट येईल. तिच्यापाशीच मी फसलो होतो.

२००९ साल, लोडशेडिंगचे दिवस. एका म्हाताऱ्या कीर्तनकारबुवांचं कीर्तन कॉम्प्युटरवर घेत होतो. पूर्वरंग झाला, उत्तररंगात आख्यान ऐन भरात आलं आणि वीज गेली. यूपीएस होता, पण नावालाच. दोन तासांनी वीज आली, सॉफ्टवेअर उघडलं, तर समोर इंग्रजी मजकुराची चौकट. मी वैतागलेला, शेवटची एसटी गाठायची घाई. चौकट घालवायची म्हणून हाताला लागलं ते बटण दाबलं. ‘डिस्कार्ड’. विजेनं माझं काहीच नेलं नव्हतं गं, कीर्तन सगळं जागेवर होतं. घालवलं ते मी, एका टिचकीत. बुवा त्या वर्षीच थकले, पुन्हा उभे राहिले नाहीत.

तू ‘रिकव्हर’ दाब. आणि आवाज परत दिसला की ऐकत बसू नकोस, आधी सेव्ह कर.

एक शंका आहे. बॅटरी संपली असं लिहिलंयस, पण नंतर पुन्हा उघडून बंद करताना ‘सेव्ह करू का?’ला घाईत ‘नो’ म्हणाली नाहीस ना? म्हणाली असशील तर तात्पुरती फाइल पुसली गेली. तरी लगेच काही इन्स्टॉल करू नकोस, पुसलेल्या फाइलच्या जागेवर नेमकं तेच जाऊन बसेल. फोटोरेक हे पुसलेल्या फाइल परत काढणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर आशा आहे. एसएसडी, म्हणजे आतलं काही न फिरणारी नवी डिस्क, असेल तर फार धरू नकोस. ती पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते.

दरम्यान वही काढ. आजच. आठवतील त्या ओव्या उतरव, अर्ध्या असल्या तरी चालतील. कुठे आत्या थांबून हसली, कुठे जात्यात वैरण घालायला तुला सांगितलं, खुंट्यावर दुसरा हात कुणाचा होता, तेही लिही. हे आठवड्यानं आठवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्या मुळात कागदावर लिहूनच. ध्वनिमुद्रण त्यातल्या काहींचंच झालं. तुमच्या पिढीला वही म्हणजे मागासलेपण वाटतं, मला माहीत आहे.

आत्याला खरं सांग. ‘थोडं परत घ्यायचंय’ असली सारवासारव नको, तिला लगेच कळेल. पुन्हा गाईल तेव्हा ओळी मागेपुढे होतील, एखादी नवीच येईल. ‘मागच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून तिला अडवू नकोस. पहिल्या खेपेची नक्कल करायला लागली तर जातं फिरेल, पण ओवी यायची नाही.

त्या दिवशी कोरा प्रोजेक्ट गावाचं नाव आणि तारीख घालून आधी सेव्ह कर, लाल बटण नंतर. जोडीला फोन एअरप्लेन मोडवर टाकून त्याच्यावरही रेकॉर्डिंग चालू ठेव. तो जात्यापासून हातभर लांब ठेव, नाहीतर घरघर तेवढी मिळेल.

आज संध्याकाळी सातनंतर फोन कर, तोवर मी मोकळा होईन. लॅपटॉप समोर असू दे, पण मी सांगेपर्यंत चालू करू नकोस. आणि चार्जर लावून बस.

तुझा,
काका