दुसऱ्यांच्या मुलांना रोज आपल्या गाडीतून शाळेत नेणं जमणार नाही, हे न दुखावता कसं सांगावं?

पहिल्याच दिवशी सांगा. नुसतं 'बघू' म्हटलंत की समोरचे रिक्षावाल्याला नाही सांगून मोकळे होतात, आणि खरी कटुता तिथून येते.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, शाळा मांजलपूरला. एक मूल पाच मिनिटं उशिरा खाली आलं तरी सगळ्यांचीच घंटा चुकते. मी शेजारच्या वहिनींना घरी जाऊन सांगितलं, "वहिनी, रोजची जबाबदारी मला झेपणार नाही. अडीअडचणीला मात्र हक्कानं हाक मारा." फोनवर नाही, समोर बसून.

कारणं मोजत बसू नका, प्रत्येकावर तोडगा निघतो. गाडीत पट्टे कमी पडत असतील तर तेवढं जरूर सांगा: १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्यानं चालवणाऱ्याला १००० रुपये दंड आहे.

आणि जाताना व्हॅनवाल्या काकांचा नंबर द्या.