पुण्याहून बर्लिनला यावे का, याचे सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र सावकाश वाचले. बर्लिनमधील एका सॉफ्टवेअर कंपनीने तुम्हाला नोकरी देऊ केली आहे आणि होकार कळवण्यापूर्वी तुम्हाला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: पंचविशीतल्या, एकट्या राहणाऱ्या मुलीचे या शहरातले आयुष्य कसे असते, मित्रमैत्रिणींकडे जाणे-येणे आणि पुण्याहून कोणी भेटीला येणे कितपत जमते, आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर परदेशी माणसाने येथे काही आशा धरावी अशी परिस्थिती राहिली आहे का. माझे मत आधीच सांगते. तुम्ही यावे असे मला मनापासून वाटते. मात्र निवडणुकीचा निकाल पाहून निर्णय घेऊ नये, तर कायद्याने आज तुम्हाला काय मिळते आणि येथे माणसे जोडण्याची तुमची किती तयारी आहे, हे पाहून घ्यावा.

तुमच्या पत्रात काळजी आहे ती तिसऱ्या प्रश्नाची, म्हणून तेथूनच सुरुवात करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन पक्षांचे आघाडी सरकार मोडले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये व्हायची निवडणूक २३ फेब्रुवारीला घ्यावी लागली. माग्डेबुर्ग आणि आशाफेनबुर्ग या शहरांत परदेशातून आलेल्या व्यक्तींनी केलेल्या हल्ल्यांनंतर प्रचारात स्थलांतराखेरीज दुसरा विषय क्वचितच ऐकू येत असे. जानेवारीच्या अखेरीस सीडीयू-सीएसयू या पुराणमतवादी पक्षांच्या जोडीने मांडलेला स्थलांतरविषयक ठराव अतिउजव्या एएफडीच्या मतांच्या आधाराने संसदेत संमत झाला, आणि त्यानंतरच्या रविवारी बर्लिनमध्ये लाखाहून अधिक लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. येथील परदेशी माणसाला त्या आठवड्यांत काय वाटत होते हे शब्दांत सांगणे अवघड आहे. दुकानात, ट्रेनमध्ये, कचेरीत सगळे नेहमीसारखेच चालले होते. तरीही शेजारी बसलेला माणूस आपल्याविषयी काय विचार करत असेल, हा पूर्वी कधी न पडलेला प्रश्न पडू लागला होता.

मतदानाच्या संध्याकाळी मी वेडिंग भागातील एका मैत्रिणीकडे होते. ती तीन जणांबरोबर एका घरात राहते. त्यांपैकी एक जण किशोरवयात सीरियातून आला, येथेच शिकला आणि नागरिकत्व मिळाल्यानंतर संसदेसाठी प्रथमच मतदान करून आला होता. जर्मनीत मतदान रविवारी असते, सायंकाळी सहाला केंद्रे बंद होतात आणि त्याच क्षणी पहिला अंदाज दूरचित्रवाणीवर येतो. सहा वाजता सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती गोळा झाले. एकेक पक्षाचा रंगीत स्तंभ पडद्यावर वर चढत गेला आणि एएफडीचा निळा स्तंभ विसाच्या आसपास थांबला तेव्हा कोणीच काही बोलले नाही. मग त्या मुलाने भांड्यातले सूप सगळ्यांना वाढायला घेतले आणि हळूहळू बोलणे सुरू झाले. ते रात्री उशिरापर्यंत चालले आणि त्यात निराशेपेक्षा 'आता आपण काय करायचे' हाच सूर अधिक होता.

अंतिम आकडे असे होते: सीडीयू-सीएसयू २८.५ टक्के, एएफडी २०.८, सोशल डेमोक्रॅटिक पक्ष (एसपीडी) १६.४, ग्रीन ११.६ आणि डावा पक्ष ८.८. मतदान ८२.५ टक्के झाले, जे जर्मनीच्या एकीकरणानंतरचे सर्वाधिक आहे. परंतु हा देश एकसारखा नाही, हे लक्षात घ्यावे. थुरिंगिया आणि सॅक्सनी या पूर्वेकडील राज्यांत एएफडीला सदतीस-अडतीस टक्के मते मिळाली; त्याच दिवशी बर्लिनमध्ये डावा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला आणि शहरातल्या नॉयकोलन भागाची थेट जागाही, म्हणजे मतदारसंघातून निवडून येणारी जागा, त्याने जिंकली. आता बर्लिनमध्येही सगळीकडे एकच हवा नाही. शहराच्या पूर्व टोकाच्या मार्त्सान-हेलर्सडोर्फमध्ये थेट जागा एएफडीकडे गेली. मी या शहरात रात्री उशिरा एकटी फिरते आणि मुंबईत वावरताना घेतली असती तेवढीच काळजी घेते. अपमानास्पद शेरा कधीच ऐकला नाही असे मात्र म्हणणार नाही. ऐकला आहे, आणि त्या वेळी डब्यातल्या अनोळखी बाईंनी उठून माझी बाजू घेतली, हेही तितकेच खरे आहे.

आता निकालानंतर प्रत्यक्षात काय बदलले ते पाहू, कारण भीती आणि वस्तुस्थिती यांत येथे बरेच अंतर आहे. मे २०२५ मध्ये सीडीयूचे फ्रीडरिश मेर्त्स चान्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले. सरकार सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांचे मिळून आहे. दुय्यम संरक्षणावर असलेल्या, म्हणजे पूर्ण निर्वासित दर्जा नसला तरी मायदेशी धोका असल्यामुळे येथे राहू दिलेल्या लोकांना, कुटुंब आणण्याची परवानगी या सरकारने दोन वर्षांसाठी स्थगित केली, आणि विशेष प्रावीण्य दाखवणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व मिळण्याची सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केली. पहिला निर्णय माझ्या ओळखीच्या काही घरांवर फार कठोरपणे कोसळला आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. पण कुशल कामगारांसाठीचा मार्ग, म्हणजे तुमचा मार्ग, खुलाच आहे. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व आणि मूळ नागरिकत्व न सोडण्याची मुभा, या जून २०२४ पासून लागू झालेल्या दोन्ही तरतुदी कायम राहिल्या आहेत. तुम्हाला लागणाऱ्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या वास्तव्य परवान्यासाठी, २०२६ मध्ये वार्षिक ढोबळ (करकपातीपूर्वीचा) पगार किमान ५०,७०० युरो असावा लागतो. माहिती-तंत्रज्ञानासारख्या तुटवड्याच्या व्यवसायांत ४५,९३४ युरोंच्या किंचित वर असला तरी चालतो. ब्लू कार्डावर काम करताना जर्मन भाषेची बी-१ ही मध्यम पातळी गाठली तर २१ महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि ए-१ या प्राथमिक पातळीवरच राहिलात तर २७ महिने लागतात.

दुहेरी नागरिकत्वाच्या बाबतीत अडचण जर्मनीची नसून आपली आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे जर्मन झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत देत असलेल्या कार्डावर, समाधान मानावे लागते. तुमच्या घरची शेती आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगते: अनिवासी भारतीय झाल्यापासूनच शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी आधी सांगत नाही. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत आपले भारतातले मत कायम असते, पण ते देण्यासाठी स्वतः आपल्या मतदारसंघात हजर राहावे लागते. आणि येथे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला महापालिका पातळीवरसुद्धा मत नाही. कर भरायचा, नियम पाळायचे, निकालाचे परिणाम भोगायचे आणि मत मात्र कुठेच द्यायचे नाही, अशी काही वर्षे वाट्याला येतात. मला ती फार लागली.

शहरातल्या आयुष्याबद्दल बोलायचे तर पहिले सहा महिने घर शोधण्यातच जातील असे धरून चाला. येथे भाड्याचे दोन आकडे असतात: 'काल्ट' म्हणजे नुसत्या जागेचे आणि 'वार्म' म्हणजे हीटिंग व देखभाल धरून, तुलना नेहमी 'वार्म'ची करावी. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या 'काल्ट' भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि करक्रमांकापासून बँकखात्यापर्यंत पुढची बहुतेक कामे या एका कागदावर अवलंबून असतात, म्हणून नोंदणी करू न देणारी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. माझा आग्रह असा राहील की पहिले वर्ष तरी 'वे-गे'त, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेल्या घरात राहावे. स्वतंत्र घराची ओढ मला कळते. पण वे-गेचे स्वयंपाकघर जेवढी भाषा शिकवते आणि जेवढ्या ओळखी करून देते, तेवढे दुसरे काहीच देत नाही. प्रवासासाठी ६३ युरोंचे मासिक डॉइचलांडटिकिट घ्या. त्यावर देशभरातल्या शहरी बस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री बर्लिनची मेट्रो रात्रभर सुरू असते.

तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुण्यात आपण गाडी काढतो, मैत्रिणीच्या इमारतीखाली उभे राहून फोन करतो आणि वर जाऊन चहा पितो. येथे असे होत नाही. भेट ठरते ती दोन-तीन आठवडे आधी, आणि पहिल्या हिवाळ्यात याचा अर्थ 'यांना मी नको आहे' असा वाटू लागतो. तसा तो नसतो. ठरलेली भेट ही येथे दिलेल्या शब्दासारखी पाळली जाते. दिवस जवळ आला की ती पुढे ढकलली जात नाही, आणि त्या संध्याकाळी समोरचा माणूस सगळा वेळ तुमचा असतो. वेळेवर जावे, दारात बूट काढावेत, हातात काहीतरी न्यावे. घरी केलेली चटणीसुद्धा चालते. वाढदिवस ज्याचा असेल त्यानेच केक करून आणायचा असतो, आणि त्याला आदल्या दिवशी शुभेच्छा देणे अशुभ मानतात. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही, हा नियम शेजारी गांभीर्याने घेतात. रविवारी दुकानेही बंद असतात, म्हणून पाहुण्यांसाठीचे सामान शनिवारीच आणून ठेवावे.

यापलीकडे माझी एक कळकळीची सूचना आहे. डिसेंबरात येथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. त्या दिवसांत कोणाकडे तरी जायचे ठरलेले असणे ही चैन नसून गरज असते. आम्ही काही जणांनी दर महिन्याला एका घरी जेवायचे ठरवले. त्यात सोलापूरचा एक मुलगा आहे, एक पोलिश मुलगी आहे आणि वर उल्लेख केलेला वेडिंगचा मित्रही आहे. एकदा तेथे शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी झाली, पुढच्या वेळी पिएरोगी, म्हणजे मोदकासारखे सारण भरलेले पोलिश पदार्थ. मराठी मंडळींचा गणेशोत्सव आणि दिवाळी येथेही होते, तेथे अवश्य जा. परंतु केवळ मराठी वर्तुळातच राहाल तर निवडणुकीसारख्या कसोटीच्या वेळी या देशाकडे बाहेरूनच पाहत राहाल.

भारतातून भेटीला येणाऱ्यांसाठी शेंगेन व्हिसाचा नियम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. आई-बाबांना बोलवायचे असेल आणि खर्च तुम्ही करणार असाल तर येथील परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढावे लागते; त्याची भेटीची वेळ मिळायला विलंब होतो, म्हणून तयारी तीन-चार महिने आधी सुरू करा. मैत्रिणी स्वतःच्या खर्चाने येणार असतील तर त्यांच्या नोकरीचे, रजेचे आणि परत जाण्याच्या तिकिटाचे कागद नीट असणे जास्त उपयोगी पडते. वे-गेत राहत असाल तर पाहुणे किती दिवस राहणार हे घरातल्यांना आधी विचारावे. मे ते सप्टेंबर या काळात बोलवा. टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर सायकली चालवणारी शेकडो माणसे संध्याकाळच्या उजेडात पाहिली की आपली मैत्रीण येथे का राहिली, हे त्यांना न सांगता समजते.

आशेविषयी शेवटचे. २० सप्टेंबर २०२६ रोजी बर्लिन राज्याची निवडणूक आहे आणि त्यात सोळा वर्षांची मुले प्रथमच राज्याच्या विधानसभेसाठी मतदान करतील. माझा नागरिकत्वाचा अर्ज दाखल झालेला आहे. तोपर्यंत निकाल लागेल की नाही हे सांगता येत नाही, पण माझ्या गटातले तिघे जण गेल्या दोन वर्षांत मतदार झाले आहेत आणि भाडेनियंत्रण, कचेऱ्यांतला विलंब, शाळांतली भाषाशिकवणी यांवर ते आता मतदार म्हणून उमेदवारांना प्रश्न विचारतात. मला जी आशा वाटते ती या माणसांमुळे, आणि ती खरी आहे.

तुम्ही ऑफरमधला वार्षिक ढोबळ पगार, चाचणीकाळ किती महिन्यांचा आहे आणि कंपनी सुरुवातीचे निवासस्थान देते का, एवढे कळवा. घराच्या करारावर सही करण्यापूर्वी त्याची प्रत पाठवलीत तर मी वाचून देईन. जर्मनचा ए-१ वर्ग मात्र व्हिसाची वाट न पाहता याच महिन्यात सुरू करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात त्याची चांगली सोय आहे.

तुमची,
बर्लिनमधील एक मराठी मैत्रीण