सेकंडहँड एअर पिस्तुलाचा ट्रिगर घरच्या घरी सुधारता येतो का?

येतो, पण कानस न लावता. तुम्ही १० मीटरचं जुनं मॅच (म्हणजे स्पर्धेचं) पिस्तूल घेतलंय, ट्रिगर जड आणि खरखरीत लागतो, आणि कुणीतरी सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत यंत्रणा अडकवून धरणारा भाग) घासून घ्यायला सांगितलंय, असं प्रश्नात आहे. ते करू नका. सिअरचा कोन आणि वरचा कडक थर एकदा गेला की परत येत नाही. मग नुसत्या धक्क्यानेही शॉट सुटू शकतो. आणि मॅच पिस्तुलाला ॲडजस्टमेंटचे स्क्रू कंपनीनेच दिलेले असतात, तेवढ्यावर काम भागतं.

हवेचा सिलिंडर काढा, नळीत पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा, स्क्रू आत्ता जिथे आहेत त्यांचा फोटो घ्या. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या साइटवर शोधा, कारण कुठला स्क्रू कशाचा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं.

सगळ्यात आधी ट्रिगरची पट्टी मागे-पुढे सरकवून बघा. बोटाचं पहिलं पेर तिच्यावर सरळ बसलं नाही तर चांगला ट्रिगरही वाईटच वाटतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत.

ट्रिगरच्या वजनाच्या, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराच्या, मागे फार लागू नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम लागतातच (१० मीटर रायफलवाल्यांना ही अट नाही, त्यांची चैन आहे). खरा त्रास क्रीपचा: दुसरी स्टेज (पहिली मोकळी ओढ संपून बोटाला अडकल्यासारखं लागतं तो टप्पा) लागल्यावरही ट्रिगर सरकत सरकत सुटतो. त्यासाठी सिअरचा स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचा, ड्राय फायर (पेलेट न घालता ट्रिगर ओढणं) करून बघायचं, मग पुढे. प्रत्येक वेळी कॉक करून ग्रिपवर तळव्याने थाप मारा. आपोआप सुटलं तर जास्त झालं, मागे या.

मग वजनाची वाटणी. मला पहिल्या स्टेजला साधारण ३५० ग्रॅम आणि उरलेलं दुसऱ्या स्टेजला आवडतं. नवख्याला दुसरी स्टेज जरा ठळक असलेली बरी. ट्रिगर स्टॉप (शॉटनंतर ट्रिगरला पुढे सरकू न देणारा स्क्रू) सर्वांत शेवटी, आणि अगदी चिकटवून नको, नाहीतर कधीतरी शॉटच सुटणार नाही.

नेमके ५०० ठेवू नका, थोडं वर ठेवा. तपासणी रेंजवरच्या वजनाने करा: सिलिंडर परत लावून हवा चालू, नळी उभी, वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवून उचलायचं. वजन उचलायला तीन प्रयत्न मिळतात, पण मॅचनंतरच्या तपासणीत कमी भरलं तर थेट बाद.