सोसायटीत बायोगॅस प्लांट बसवावा का? खर्च किती येतो आणि वास येतो का? (१४० फ्लॅट, गोरेगाव)

बसवा. वासाचं म्हणाल तर नीट खाऊ घातलेल्या प्लांटला वास येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या प्लांटची रोजची नोंद अकरा महिने मीच ठेवत होते.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. दारात गोबरगॅस होता. आई सकाळी शेण-पाणी कालवून घालायची आणि त्यावर दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचा. म्हणून २०१७ साली, दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं पालिकेने बजावलं, तेव्हा मीटिंगमध्ये बायोगॅसचं नाव मीच काढलं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, हे खेड्यात ठीक आहे." ते वाक्य मला अजून बोचतं. १८९७ साली याच मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात (आताचं वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय) मैल्यापासून निघणारा गॅस धरून वापरला जात होता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा बायोगॅस प्लांट उभा केला तो स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी. यात खेड्यातलं काय आहे?

तरी प्लांट बसला. आरेच्या तबेल्यातून टेम्पोभर शेण आणून सुरुवात केली. पहिले तीन आठवडे धीर धरावा लागला, मग निळी ज्योत लागली. रोज ९० ते १०० किलो कचरा जायचा. त्यातून साधारण आठ घनमीटर गॅस मिळायचा, म्हणजे साडेतीन किलो एलपीजीइतका. वॉचमनच्या खोलीत आणि क्लबहाउसच्या पँट्रीत तो पुरून उरायचा. स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणारा पातळ गाळ, बागेला. कचरा घालणारा मुलगा फार चोख होता. कोयी, करवंट्या, अंड्याची टरफलं, लिंबू-मोसंबीच्या साली तो वेगळ्या काढायचा.

२०१८ च्या गणपतीत तो गावी गेला. बदली माणूस द्या असं मी लेखी दिलं होतं. दिला नाही. महाप्रसादाचा उरलेला शिरा, भात, वरण अशी तीन मोठी पातेली कुणीतरी रात्रीत प्लांटमध्ये ओतली. एवढं गोड आणि पिठूळ अन्न एकदम गेलं की आत आम्ल साचतं आणि मिथेन (म्हणजे जळणारा गॅस) करणारे जंतू थंड पडतात. चौथ्या दिवशी ज्योत धरेना. पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची, पट्टी बुडवली तर साडेपाच. तो सातच्या आसपास हवा. वास सुटला तो तेव्हा, आणि फक्त तेव्हा.

उपाय मला माहीत होता. घालणं पूर्ण बंद, चुन्याची निवळी थोडी थोडी, दिवसाआड दोन घमेली ताजं शेण. वॉचमनला हाताशी धरून तेरा दिवस मी ते केलं. चौदाव्या दिवशी पुन्हा निळी ज्योत. मी तिचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला. त्याच रविवारी तातडीची सभा बोलावून प्लांट काढायचा ठराव झाला. टाकी कापून भंगारात गेली. दुखणं बरं झालेल्या जनावराला कुणी विकतं का? आता तिथे चार दुचाकी उभ्या असतात.

तुमचा खर्चाचा प्रश्न राहिला. टाकीचा आकडा कोटेशनमध्ये दिसेलच, दोन-तीन ठिकाणची मागवा. माणसाचा पगार मात्र कोणी त्यात धरत नाही. तो धरा, आणि सुट्टीतल्या बदलीचाही. टाकीपेक्षा मला तो खर्च महत्त्वाचा वाटतो. गॅस कुठे जाळणार तेही आधी ठरवा. १४० घरांत पाइप नेण्याच्या गोष्टी करू नका, तेवढा गॅस होतच नाही. एकच पँट्री किंवा पाळणाघर धरा. गंधकाचा वायू अडवायला लोखंडाच्या किसाचा फिल्टर घ्या, नाहीतर बर्नर गंजतो.

आणि हो, घराघरात वर्गीकरण नीट होत नसेल, किंवा इमारतीपासून दूर मोकळी हवेशीर जागा नसेल, तर बसवू नका. सरळ कंपोस्ट करा. त्यात कमीपणा नाही.

एक मात्र कराच. प्लांट कधी बंद पडला तर का पडला ते सभेच्या इतिवृत्तात खरं लिहायला लावा. आमच्या इतिवृत्तात "दुर्गंधीमुळे" असं लिहिलं आहे. त्याखाली मी सही केलेली नाही.