कोल्हापुरातून जर्मनीचा स्टुडंट व्हिसा एजंटशिवाय ऑनलाइन भरता येतो का? काय काळजी घ्यावी?

येतो. मास्टर्ससाठी मी स्वतः भरलाय, मंगळवार पेठेतल्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून.

तुम्ही लिहिलंय की एजंट ‘एक चूक झाली की संपलं’ म्हणून घाबरवतोय. तो धंद्यासाठी बोलतोय, पण अगदीच खोटं नाही. व्हिसा नाकारला तर फेरविचारासाठी अर्ज करायची जी सोय होती, ती जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता एक तर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा. म्हणून फॉर्मला दोन दिवस आणि त्याआधी कागद जुळवायला दोन महिने धरा.

कागद जुळवायचे म्हणजे मुख्यतः नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि आपलं व वडिलांचं नाव मिळून दुसरा रकाना. फॉर्ममध्ये पासपोर्ट म्हणेल तेच, तसंच्या तसं. माझे वडील दत्तात्रय. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि पासपोर्टवर स्पेलिंग सारखं, डिग्रीवर मात्र शेवटी एक ‘ए’ जास्त. चूक माझीच, एफवायचा फॉर्म घाईत भरलेला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, माणूस तर मी एकच हाय की!” डिग्री दुरुस्त होऊन यायला दीड महिना गेला. कुणाच्या वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘राव’ असतं, दुसऱ्यावर नसतं. तेही आत्ताच बघा, कारण हेच कागद आधी एपीएसला, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाला जातात. ते सर्टिफिकेट नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे. मी १८,००० रुपये फी भरली होती. फी भरून झाल्यावर स्पेलिंग शोधत बसू नका.

दुसरी गंमत जन्मस्थळाची. फॉर्म सबमिट करायच्या आदल्या रात्री मी प्रिंट काढली, बाबांच्या हातात पासपोर्ट दिला आणि आईला प्रिंट मोठ्यानं वाचायला लावली. जन्मस्थळ आलं, आईनं ‘कोल्हापूर’ वाचलं आणि थांबली. “कोल्हापूर कसं? मी तुला निपाणीत जन्म दिलाय!” पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पासपोर्टवर निपाणी. आणि मी आयुष्यभराच्या सवयीनं कोल्हापूर टाइप केलेलं. ही वाचायची पद्धत तुम्हीही करा. स्वतः टाइप केलेलं स्वतःला बरोबरच दिसतं.

तुम्ही सध्या नोकरीला बेंगळुरूत आहात असं लिहिलंय. मग आधी ठरवा की राहता कुठे असं दाखवणार. महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे (वकिलातीकडे) जातो, कर्नाटकातल्यांचा बेंगळुरूच्या. पासपोर्टवर कोल्हापूरच्या राजारामपुरीचा पत्ता आणि सध्याचं भाड्याचं घर बेंगळुरूत, असं असेल तर राहण्याचा पुरावा बेंगळुरूचा लागेल.

पैशाचं थोडक्यात: मी अर्ज भरला तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि दर महिन्याला ठरावीकच काढायचे, असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागत होते, म्हणजे महिन्याला ९९२. आकडा बदलत असतो, अर्ज भरायच्या जर्मन व्हिसा पोर्टलवर ताजा बघा. कर्ज काढणार असाल तर मंजुरीचं पत्र हातात येणं आणि पैसे त्या खात्यात पोचणं यात बराच वेळ जातो. व्हिसाची फी ७५ युरो, ती वेगळी.

स्कॅन नीट करा. मोबाइलवर काढलेल्या माझ्या पहिल्या स्कॅनमध्ये बारावीच्या मार्कशीटवर पंख्याची सावली पडली होती. सरळ झेरॉक्सवाल्याकडे जाऊन सगळे कागद फ्लॅट स्कॅनरवर काढले. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर. स्टुडिओवाल्याला आधीच बजावून ठेवा की चेहरा गोरा-गुळगुळीत करू नको. माझा इतका गोरा केला की दुसऱ्यांदा जावं लागलं.

मोटिव्हेशन लेटर मात्र एजंटकडून अजिबात घेऊ नका. हाच कोर्स का, मधली दोन वर्षं काय केलं, पुढे काय करणार, हे साध्या शब्दांत लिहा. मधली गॅप लपवू नका. पूर्वी कुठला व्हिसा नाकारला असेल तर तेही खरं लिहा.

फॉर्म सबमिट केला की लगेच भेटीची तारीख मिळत नाही. आधी व्हिसा विभागाचे लोक कागद पुरे आहेत का ते बघतात, कमी असेल तर पोर्टलवर परत मागतात. म्हणून मेल रोज बघा, स्पॅमसुद्धा. ते झालं की बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला स्वतः जायचं. माझी वेळ मुंबईत सकाळची होती. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचते खरी, पण गाडी लेट झाली तर काय, म्हणून मी आदल्या दिवशीच दादरला मावशीकडे जाऊन राहिले.